शरद, गवत आणि गोल्फ

गोल्फ हा साहेबांचा खेळ, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर क्रिकेट, कबड्डी आणि कुस्ती यांच्यातून जी जागा उरते तीत कधीतरी गोल्फची चार ओळींची बातमी येते आणि आपण ती न वाचताच पान उलटतो. परंतु खेळाडूंना क्षणभर बाजूला ठेवून हा खेळ ज्या जमिनीवर खेळला जातो तिच्याकडे पाहू लागले, म्हणजे सगळे शब्द शेतकऱ्याच्या घरातले निघतात. ओल, ऊब, निचरा, वाफसा, दव, तण, बुरशी! गोल्फचे मैदान हे खरे पाहता गवताचे शेत आहे. फरक एवढाच, की त्यातील पीक कापून घरी नेण्यासाठी नसते, ते पायाखाली घेण्यासाठी असते.

या शेताची खरी परीक्षा पाहणारा ऋतू म्हणजे शरद. थंड हवेच्या देशांत सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत मैदानाचे रूप आठवड्या-आठवड्याला पालटते. खेळाडूला खेळायचे असते आणि जमीन विसावा मागत असते. या दोघांच्या ओढाताणीत काय काय घडते, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणासाठी या खेळाचे माहेर म्हणून ओळखले जाणारे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे गाव घेतले आहे.

खेळाची तोंडओळख

गोल्फच्या एका फेरीत अठरा खळगे असतात. प्रत्येक खळग्यासाठी 'टी' या सुरुवातीच्या जागेवरून चेंडू मारायचा, 'फेअरवे' नावाच्या बेताच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून तो पुढे न्यायचा आणि शेवटी 'ग्रीन' या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर हलक्या हाताने घरंगळवत १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळग्यात घालायचा. वाटेत 'बंकर' म्हणजे वाळूचे खड्डे असतात. ज्याला कमीत कमी फटके लागतील तो जिंकला.

क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची असते. पावसाचे चिन्ह दिसले की तिच्यावर आच्छादन ओढता येते. गोल्फचे मैदान पुष्कळ एकरांवर पसरलेले असते, त्यावर कोणी काय झाकणार? आकाशातून जे येईल ते अंगावर घेणे एवढेच त्याच्या हाती असते. म्हणून गोल्फमध्ये हवामान हाही एक खेळाडूच असतो.

सेंट अँड्र्यूजची जमीन

सेंट अँड्र्यूज हे फाइफ परगण्यात उत्तर समुद्राच्या काठी वसलेले गाव. तेथे कित्येक शतके गोल्फ खेळला जात आहे. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून या खेळाच्या नादी लागले होते! पुढे १५५२ च्या एका सनदेत समुद्राकाठच्या या जमिनीवर गोल्फ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य झाला. आजही येथील 'ओल्ड कोर्स' हे जगप्रसिद्ध मैदान कोणा धनिकाच्या मालकीचे नाही. १९७४ सालच्या कायद्याने स्थापन झालेला एक सार्वजनिक न्यास त्याचा कारभार पाहतो.

अशा समुद्राकाठच्या जमिनीला तेथे 'लिंक्स' म्हणतात. हिमयुग सरल्यावर बर्फाचे ओझे उतरले, जमीन हळूहळू वर आली आणि जुन्या किनाऱ्याची वाळू मागे राहिली. वाऱ्याने तिच्या टेकड्या केल्या, त्यावर गवत धरले. शेतीला ही जमीन निरुपयोगी होती, म्हणून ती मेंढरांना, सशांना आणि खेळणाऱ्यांना मिळाली. वाळू असल्यामुळे पाणी झटकन खाली उतरते. शरदात या एका गुणाचे मोल किती, हे पुढे दिसेलच.

येथील मूळचे गवत म्हणजे फेस्क्यू आणि बेंट. पाती सुईसारखी बारीक, मुळे खोल आणि भूक बेताची. आपल्याकडे गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजे हरळी, हिच्याच जातीचे गवत बर्म्युडा या नावाने जगातल्या उष्ण प्रदेशांतील गोल्फच्या मैदानांवर असते. पण हरळीला ऊन लागते. थंडी पडली की ती पिवळी पडून झोपी जाते. म्हणून स्कॉटलंडमध्ये तिचा उपयोग नाही. तेथे थंडीला सोसणारेच गवत हवे.

दोन शरद

शरद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निरभ्र आकाश, कोजागरीचे चांदणे आणि पिकलेली शेते येतात. आपला शरद पावसाळ्याच्या पाठीवर येतो, पाणी ओसरते आणि ऑक्टोबरचे ऊन जमीन सुकवते. उत्तर युरोपातला शरद याच्या नेमका उलट आहे. तेथे शरद येतो तो ऊन घेऊन जाण्यासाठी आणि ओल ठेवून जाण्यासाठी.

सेंट अँड्र्यूज सुमारे ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २१ जूनला दुपारी सूर्य क्षितिजापासून ५७ अंश वर असतो आणि दिवस साडेसतरा तासांचा असतो. ऑक्टोबरअखेर दुपारचा सूर्य जेमतेम २० अंशांवर येतो, तर २१ डिसेंबरला अवघ्या १० अंशांवर. मुंबईत त्याच २१ डिसेंबरला तो ४७ अंशांवर तळपत असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तेथील दिवस रोज सुमारे साडेचार मिनिटांनी आखडतो, म्हणजे आठवड्याला अर्धा तास गेला! जूनमध्ये रात्री जेवण झाल्यावरही खेळता येते, नोव्हेंबरात दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार पडतो.

आता पावसाचे पाहू. सेंट अँड्र्यूजच्या भागात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे शहरातील पावसाहून हा आकडा फारसा वेगळा नाही. पण पुण्यात तो बहुतेक चार महिन्यांत कोसळतो आणि मग ऊन त्याचा हिशेब चुकता करते. तिकडे तो वर्षभर थोडाथोडा पडत राहतो. उन्हाळ्यात पडलेले पाणी ऊन आणि वाढते गवत मिळून पिऊन टाकतात. शरदात ऊन दुबळे होते, गवताची तहान कमी होते आणि तेवढाच पाऊस आता जमिनीत साठू लागतो. मैदान ओले होण्याचे मुख्य कारण पाऊस वाढणे हे नसून वाळणे कमी होणे हे आहे. ही गोष्ट ध्यानात आली म्हणजे पुढच्या साऱ्या गोष्टी आपोआप उलगडतात.

जमिनीची ऊब

गवताची वाढ पंचांग पाहून होत नाही, ती मातीच्या उबेवर होते. थंड प्रदेशातील गवताची पाती सुमारे १५ ते २४ अंश सेल्सिअसला जोमाने वाढतात. माती १० अंशांखाली गेली की वाढ मंदावते आणि ५-६ अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते. मात्र माती हवेइतक्या लवकर थंड होत नाही. सप्टेंबरात सकाळी अंगात लोकरीचा कपडा घालावा लागला, तरी जमिनीच्या पोटात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. पाती मंद होतात तेव्हाही मुळे वाढत असतात.

ही शिल्लक ऊब हेच मैदानाची निगा राखणाऱ्या ग्रीनकीपरचे भांडवल. ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबर या काळात तो ग्रीनवर पोकळ सळ्यांचे यंत्र फिरवतो. बोटाएवढी असंख्य छिद्रे पडतात आणि मातीच्या कांड्या वर येतात. त्या उचलून छिद्रांत वाळू भरतात. वर्षभर पायांखाली दडपलेल्या मातीला त्यामुळे हवा मिळते आणि पाण्याला खाली जायला वाट होते. सेंट अँड्र्यूजला १८६० च्या दशकापासून १९०३ पर्यंत मैदान सांभाळणारे ओल्ड टॉम मॉरिस यांनी ग्रीनवर वाळू पसरण्याची ही रीत रुजवली.

खेळाडू या दिवसांत हमखास कुरकुरतात. हवा अजून चांगली आहे, मैदान ऐन बहरात आहे, आणि नेमके आत्ताच ही भोके कशाला? त्याचे उत्तर उबेत आहे. हेच काम नोव्हेंबरात केले तर छिद्रे भरून यायला गवतात जोम उरत नाही, आणि वसंतापर्यंत ग्रीन खडबडीत राहते. पेरणीची वेळ गेली की बियाणे कितीही चांगले असले तरी उपयोग नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

ओल आणि पाय

ऑक्टोबर लागला की पाण्याचा प्रश्न पुढे येतो. येथे समुद्राकाठचे वाळूचे मैदान आणि आतल्या मुलखातले चिकणमातीचे मैदान यांच्या वाटा वेगळ्या होतात. लंडनच्या आसपास घट्ट चिकणमाती आहे. त्या मातीतले मैदान ऑक्टोबरात एकदा भिजले की वसंतापर्यंत नीट सुकत नाही. चेंडू उंचावरून पडला की जागच्या जागी रुततो. उन्हाळ्यात कडक जमिनीवर पडून जो वीस-तीस पावले पुढे घरंगळत जाई, तो आता पडेल तिथेच बसतो. खेळ तोच, पण जणू मैदान लांबले! लिंक्सवर मात्र पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात चालता येते. म्हणूनच शरदात आणि हिवाळ्यात समुद्राकाठची मैदाने खेळाडूंना प्रिय असतात.

पण खरे नुकसान पाण्याने होत नाही, ओल्या जमिनीवरच्या पायांनी होते. काळ्या रानात वाफसा नसताना औत घातले तर माती दाबली जाते आणि पुढे तिची ढेकळे होतात. गोल्फच्या मैदानाचेही तसेच आहे. ओली माती पायाखाली दबली की तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. अशा दबलेल्या, ओल्या जागी फेस्क्यू टिकत नाही. तेथे पोआ नावाचे उथळ मुळांचे गवत घुसते. दिसायला तेही हिरवेच, पण ते लवकर रोगाला बळी पडते आणि उन्हाळ्यात पहिल्यांदा तेच वाळते. शरदात एका ओल्या दिवशी खेळण्याचा हट्ट धरला, तर त्याची किंमत पुढच्या उन्हाळ्यात मोजावी लागते ती अशी.

दव, गांडुळे आणि बुरशी

रात्री लांबल्या की गवताची पाती उष्णता आकाशात सोडून हवेपेक्षाही थंड होतात आणि त्यांच्यावर दव साठते. उन्हाळ्यात ते सकाळीच उडून जाते. ऑक्टोबरात, विशेषतः झाडांच्या सावलीतल्या ग्रीनवर, ते दुपारपर्यंत हटत नाही. दवातून जाणारा चेंडू मागे ओली रेघ ओढत जातो आणि अपेक्षेपेक्षा लवकर थांबतो. म्हणून भल्या पहाटे कर्मचारी लांब लवचीक काठीने ग्रीनवरचे दव झाडताना दिसतात.

हे दव झाडणे केवळ खेळासाठी नसते. पाती तासन्‌तास ओली राहिली आणि हवा गारठलेली, दमट असली, की मायक्रोडोकियम नावाची बुरशी पसरते. ग्रीनवर आधी नाण्याएवढे तपकिरी डाग पडतात आणि मग ते वाढत जातात. उन्हाळ्यात असा डाग नव्या वाढीने भरून निघतो. शरदाच्या अखेरीस वाढच थांबलेली असल्यामुळे तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. पूर्वी यावर इप्रोडिओन हे औषध फवारीत. २०१८ पासून ब्रिटनमध्ये व युरोपीय संघात त्याचा वापर बंद झाला. साहजिकच ग्रीनकीपरला आता जुन्या शहाणपणाकडे वळावे लागले आहे. शरदात नत्र जपून द्यायचे, नाहीतर पाती लुसलुशीत होऊन रोगाला आमंत्रण मिळते. थोडे लोहाचे खत देऊन गवत काटक करायचे, सावली करणाऱ्या फांद्या छाटून हवा खेळती ठेवायची आणि दव झाडत राहायचे.

याच दिवसांत गांडुळे वर येतात. गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे आपण शाळेपासून शिकतो. चार्ल्स डार्विननेही १८८१ साली गांडुळांवर एक संपूर्ण पुस्तक लिहून त्यांच्या कामाची थोरवी सांगितली. परंतु गोल्फच्या मैदानावर तीच गांडुळे मातीच्या ओल्या गोळ्या वर आणून टाकतात. त्यावर कापणीयंत्राचे चाक गेले की चिखलाचा थापा बसतो, खालचे गवत मरते आणि तणाला जागा मिळते. एकाच प्राण्याची शेतात पूजा आणि मैदानावर तक्रार, असा हा विरोधाभास आहे. त्यावर साधा उपाय एकच, गोळे थोडे सुकू द्यायचे आणि मग झाडून पसरायचे. येथेही पुन्हा वाफशाची वाट पाहणे आलेच.

आतल्या मुलखातल्या मैदानांवर आणखी एक संकट येते, ते म्हणजे पानगळ. ओक, बीच, बर्च यांची पाने फेअरवेवर पसरतात आणि पांढरा चेंडू त्यांत दिसेनासा होतो. २०१९ पासूनच्या नियमांनुसार चेंडू शोधायला तीनच मिनिटे मिळतात, पूर्वी पाच मिळत. चेंडू पानांच्या ढिगात गेला हे नक्की असेल तर दंडाशिवाय दुसरा चेंडू खेळता यावा, असा स्थानिक नियम शरदापुरता करण्याची मुभा आहे. ओल्ड कोर्सवर झाडेच जवळजवळ नसल्याने तेथे ही अडचण येत नाही.

गोठलेली सकाळ

ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात एखाद्या निरभ्र रात्री दव गोठते. कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरला दवबिंदू गोठले, की आपल्याकडे त्याची बातमी होते. तिकडे हे नेहमीचेच. पात्यांवर पांढरी साय धरते आणि पेशींतले पाणी कडक होते. अशा ग्रीनवर कोणी चालले तर त्या वेळी काहीच दिसत नाही. गोठलेल्या पेशी पायाखाली फुटलेल्या असतात, आणि एक-दोन दिवसांनी तेथे पावलांचे काळपट ठसे उमटतात. ते कित्येक आठवडे जात नाहीत. म्हणून बर्फाची साय विरघळेपर्यंत मैदान बंद ठेवतात, किंवा मूळ ग्रीन सोडून फेअरवेवर तात्पुरती ग्रीन आखतात. ऊन पडलेले आहे, हवा स्वच्छ आहे, खेळाडू तयार आहेत, आणि तरीही फलक लागतो : 'मैदान बंद'. नवख्या माणसाला हा जुलूम वाटतो.

थंड हवेचा चेंडूवरही परिणाम होतो. हवा २५ अंशांवरून ५ अंशांवर आली की ती सुमारे सात टक्के दाट होते आणि चेंडूला अधिक विरोध करते. शिवाय थंडीने चेंडूतील रबराची उसळी कमी होते. दमट हवा जड असते म्हणून चेंडू लांब जात नाही, असे पुष्कळ जण म्हणतात, पण ते बरोबर नाही. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. दोष दमटपणाचा नसून गारठ्याचा असतो.

वारा आणि वादळ

शरदात उत्तर अटलांटिकवरून वादळे येऊ लागतात. सेंट अँड्र्यूज, कार्नुस्टी आणि किंग्जबार्न्स या तीन मैदानांवर दरवर्षी शरदाच्या तोंडाशी डनहिल लिंक्स ही मोठी स्पर्धा भरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथे इतका पाऊस झाला की निचऱ्यासाठी नावाजलेल्या या मैदानांवरही पाणी साचले. दोन दिवस खेळ होऊ शकला नाही आणि चारऐवजी तीनच फेऱ्या खेळून स्पर्धा सोमवारी संपवावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'ॲमी' नावाच्या वादळाच्या वाऱ्यामुळे पुन्हा तीनच फेऱ्या झाल्या.

वाऱ्याने खेळ का थांबावा, असे वाटेल. त्याचे कारण असे, की उन्हाळ्यात ग्रीनवरील गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेले असते. इतक्या गुळगुळीत जागेवर जोराच्या वाऱ्यात चेंडू स्थिर राहत नाही, आपणहून हलू लागतो. शरदात गवत एक-दोन मिलिमीटर उंच ठेवतात, याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. दुबळ्या उन्हातून अन्न तयार करायला गवताला जास्त पाते हवे असते. चेंडू मंद धावतो, पण गवत जगते.

हवामान बदलत आहे, त्याच्या खुणाही या मैदानांवर दिसू लागल्या आहेत. ब्रिटनचे हिवाळे पूर्वीपेक्षा ओले होत आहेत. गवत वाढण्याचा काळ लांबतो आहे आणि त्याबरोबर बुरशीचाही. स्कॉटलंडच्याच किनाऱ्यावरील मॉन्ट्रोझ येथील जुन्या मैदानाची जमीन समुद्र हळूहळू गिळत आहे. तेथे प्रश्न खेळ चांगला होईल की नाही हा राहिलेला नाही, मैदान राहील की नाही हा आहे.

विसाव्याचा हक्क

अशा वेळी मनुष्याच्या हाती काय उरते? चिखलाच्या दिवसांत चेंडू उचलून, पुसून पुन्हा ठेवण्याची सवलत नियमांत आहे. सेंट अँड्र्यूजला हिवाळ्याच्या महिन्यांत ओल्ड कोर्सच्या फेअरवेवर खेळाडूला बरोबर एक लहानशी चटई बाळगावी लागते आणि चेंडू तिच्यावर ठेवून मारावा लागतो, म्हणजे वाढ थांबलेल्या गवताचे ढलपे निघत नाहीत. जगभरातून हौसेने, भरपूर पैसे मोजून आलेल्या पाहुण्यालाही त्यातून सूट नाही.

आणि सर्वांत बोलकी प्रथा रविवारची. ज्या दिवशी सर्वांना सुट्टी, ज्या दिवशी मैदानाला सर्वांत अधिक मागणी असणार, नेमक्या त्या दिवशी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर हा नेम मोडत नाही. त्या दिवशी गावातले लोक, बायका-मुले, कुत्री घेऊन फिरणारी म्हातारी माणसे त्या हिरवळीवरून मनसोक्त चालतात. जी जमीन सहा दिवस खेळाडूंची, ती सातव्या दिवशी गावाची होते, आणि त्यातच तिचाही विसावा होतो.

आपल्याकडे रान एक हंगाम पड ठेवण्याची रीत होती. आता जमिनीचे तुकडे लहान झाले, गरजा वाढल्या आणि ती रीत मागे पडत चालली. जिच्यावर पोट अवलंबून आहे ती जमीन विश्रांतीसाठी सोडणे शेतकऱ्याला परवडत नाही, हे खरेच आहे. पण शेकडो वर्षांच्या वापरानंतरही ओल्ड कोर्स हिरवे राहिले आहे, यामागे त्याची वाळू जितकी आहे तितकाच हा आठवड्याचा एक दिवसही आहे. शरद ऋतू दरवर्षी तेथील लोकांना आठवण करून देतो, की खेळ आपल्या इच्छेने सुरू होत असला तरी तो जमिनीच्या संमतीने चालतो. गोल्फ आपण कधी खेळू की नाही कोण जाणे, पण एवढी गोष्ट आपल्याही बांधावर उपयोगी पडणारी आहे.